जुन्या शर्यतगाड्या आठवाव्या कशा? नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

प्रवेशाची पात्रता

या अभ्यासक्रमाला गाडी चालवता येण्याची अट नाही. गाडी असण्याचीही नाही. उमेदवाराला सासऱ्यांचा वाढदिवस आठवत नसावा, पण १९८५ साली एस्तोरिलच्या पावसात आयर्टन सेन्नाने आपली पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली तेव्हा त्याच्या काळ्या लोटसवर सोनेरी रेघ कुठून कुठे गेली होती, याविषयी त्याचे ठाम मत असावे. मत पुरे. पुरावा कुणी मागत नाही.

सिगारेट न ओढणाऱ्यांना प्राधान्य. या विद्येतल्या जाणकारांना डझनभर पाकिटांची रंगसंगती तोंडपाठ असते आणि एकाचीही किंमत ठाऊक नसते.

साहित्य : एक वही, लाल, काळी आणि निळी पेन्सिल, सोनेरी मिळाल्यास तीही, आणि सोशिक कुटुंब. पेन्सिली बाजारात मिळतील.

धडा १ : आधी देश, मग दुकान

१९६७ पर्यंतचा अभ्यासक्रम हलका आहे, त्यावर फार वेळ घालवू नका. तेव्हा रंग देशाचा असे. इटली लाल, इंग्लंड हिरवा, फ्रान्स निळा, जर्मनी चंदेरी, बेल्जियम पिवळा. १९६४ साली होंडा आली ती पांढऱ्या रंगात, वर लाल सूर्य घेऊन. भूगोलाचा तास झाला की इतिहासही संपला.

खरी परीक्षा १ जानेवारी १९६८ पासून. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत कायलामीला जिम क्लार्कने हिरव्या लोटसमध्ये पंचविसावी ग्रां प्री जिंकली. ती त्याची शेवटची ठरली. एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत तो गेला. त्याच कायलामीच्या शर्यतीत जॉन लव्ह नावाचा चालक गनस्टन सिगारेटच्या रंगातली ब्रॅबम घेऊन उतरला होता. जुना काळ पहिला आला आणि नवा काळ त्याच्या मागून त्याच रस्त्याने धावत होता. परीक्षेत या तारखेवर प्रश्न हमखास येतो.

धडा २ : पाकीट ओळखा

तेल आणि टायर कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर लोटसचे कॉलिन चॅपमन यांनी गोल्ड लीफ सिगारेटशी करार केला आणि इंग्लंडचा हिरवा रंग पुसून गाडी लाल, क्रीम आणि सोनेरी केली. मे १९६८ मध्ये स्पेनच्या हारामा सर्किटवर ग्रॅहम हिल त्याच रंगांत जिंकला. स्पॉन्सरचे पैसे वसूल झाल्यावर परंपरेची काळजी करणारे सहसा उरत नाहीत.

१९७२ मध्ये चॅपमन आणखी पुढे गेले. गाडी काळी-सोनेरी झाली, आणि नुसत्या रंगावर भागले नाही : गाडीचे नावच ‘जॉन प्लेअर स्पेशल’ झाले. इमर्सन फिटिपाल्डी त्या वर्षी तिच्यावर जगज्जेता झाला. १९७८ साली मारिओ आंद्रेट्टीही काळ्या-सोनेरी लोटसवरच जगज्जेता झाला. आपल्याकडे १९९६चा विश्वचषक ‘विल्स वर्ल्ड कप’ म्हणून खेळला गेला, तेव्हा आपल्याला ते नवीन वाटले होते.

नवशिका इथेच घसरतो. ‘लोटस म्हणजे काळी-सोनेरी’ हे उत्तर लिहिल्यास अर्धेच गुण मिळतील. मधेच १९७९ मध्ये ती मार्टिनीसाठी हिरवी होती, १९८० मध्ये एसेक्ससाठी निळी-लाल-चंदेरी होती, आणि १९८७ मध्ये सेन्नाने मोनॅको जिंकले तेव्हा कॅमलसाठी पिवळीधमक होती. साल विचारल्याशिवाय रंग सांगू नये, हा या विद्येचा पहिला नियम.

दुसरा सापळा मॅक्लारेनचा. १९७४ ते १९९६ तिच्यावर मार्लबरोचे लाल-पांढरे रंग होते. जेम्स हंटचे १९७६ त्यातले आणि सोळापैकी पंधरा शर्यती जिंकणारी १९८८ ची एमपी४/४ ही त्यातलीच. पण तो लाल पाकिटावरचा लाल नव्हे. टीव्हीच्या पडद्यावर पाकिटासारखा दिसावा म्हणून गाडीला नारिंगीकडे झुकणारा चमकता रंग द्यायचे. म्हणजे टीव्हीवर गाडी पाहिलेल्याला रंग बरोबर आठवतो आणि मैदानात उभे राहून पाहिलेल्याला चुकीचा. ज्यांनी एकही शर्यत प्रत्यक्ष पाहिली नाही त्यांनी हा मुद्दा वहीत ठळक लिहून ठेवावा. पुढे आयुष्यभर कामाला येतो.

धडा ३ : धूर न काढणारे स्पॉन्सर

सगळे सिगारेटवरच ढकलून मोकळे होऊ नका. हा धडा मोठा आहे आणि पाठांतराला सगळ्यात गोड.

दूध : इटलीच्या पार्मालात दूध कंपनीचे नाव १९७८ पासून ब्रॅबमवर होते. निकी लाउडाने त्याच वर्षी स्वीडनमध्ये मागे पंखा लावलेली ब्रॅबम जिंकवली आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत दिसली नाही. नेल्सन पिके १९८१ आणि १९८३ मध्ये दुधाच्या जोरावर जगज्जेता झाला. त्याच्या आधी याच ब्रॅबमवर मार्टिनीचे नाव होते. दारू सोडून दूध धरल्यावर मुलगा सुधारतो, याचे मोटार शर्यतीतले हे ठळक उदाहरण.

संत्र्याचा रस : विल्यम्सचे पैसे सौदी अरेबियातून येत. १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने टीमला पहिला विजय मिळवून दिला, तेव्हा स्पॉन्सरचा मान राखून शॅम्पेनऐवजी रस प्यायला. आपल्याकडच्या लग्नांत असे रोज घडते, पण त्याची नोंद होत नाही.

हत्यारे : पाने-पकडी बनवणाऱ्या बेटा कंपनीच्या नारिंगी ‘मार्च’ गाडीत व्हित्तोरियो ब्राम्बिल्ला १९७५ ची ऑस्ट्रियाची शर्यत जिंकला. धो-धो पावसात रेघ ओलांडताच आनंदाने हात वर केले आणि गाडी आपटली. स्पॉन्सरच्या मालाची गरज इतक्या तातडीने कुणाला पडलेली नाही.

कॉफी : त्याच वर्षी लवाझ्झा कॉफीच्या नावाची मार्च चालवत लेल्ला लोम्बार्दी बार्सिलोनाला सहावी आली. शर्यत मधेच थांबवल्यामुळे तिला अर्धाच गुण मिळाला. फॉर्म्युला वन जगज्जेतेपदाच्या शर्यतीत गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव महिला. अर्ध्या गुणाचे मोल विचारायचे असेल तर तिला विचारा, दहावीच्या विद्यार्थ्याला नव्हे.

खेळणी : पोलिटॉइज ही इटलीची छोट्या मोटारी बनवणारी कंपनी. १९७२ मध्ये फ्रँक विल्यम्सनी तिच्या पैशातून खरी गाडी बनवली. ब्रँड्स हॅचच्या पहिल्याच ग्रां प्रीत आँरी पेस्कारोलोने ती ठोकली. पोरांनी खेळण्यांचे काय केले असते, तेच झाले.

कुटुंबनियोजन : १९७६ मध्ये जॉन सर्टीज यांच्या टीमने ड्युरेक्सचे नाव घेतले आणि बीबीसीला ते अजिबात पटले नाही. सिगारेट चालते आणि हे चालत नाही, यावर निबंध लिहा.

साखर : हा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष पाठ. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या साखर उत्पादकांची सहकारी संस्था कोपरसुकार हिने १९७५ मध्ये फिटिपाल्डी बंधूंची टीम पोसली. १९७२ आणि १९७४ चा जगज्जेता इमर्सन १९७६ साठी मॅक्लारेन सोडून भावाकडे आला. त्याची रिकामी जागा जेम्स हंटला मिळाली आणि हंट जगज्जेता झाला. सहकारी गाडीचा सर्वोच्च क्षण म्हणजे १९७८ साली रिओत मिळालेला दुसरा क्रमांक. आपल्याकडे साखर कारखान्यांनी शाळा काढल्या, अभियांत्रिकी महाविद्यालये काढली, वारणेला तर बालवाद्यवृंदही झाला. शर्यतगाडी मात्र कुणाला सुचली नाही. सुचली असती तर संचालक मंडळाच्या निवडणुकीआधी चालक कोण, यावर पॅनेल पडले असते आणि गाडी पुढच्या गळीत हंगामापर्यंत शेडमध्येच राहिली असती. त्या दृष्टीने ब्राझीलच्या सहकाराने दाखवलेली चपळाई लक्षणीय आहे.

धडा ४ : एक गाडी, दोन रंग

स्पॉन्सर आणि चालक भांडले की गाडीला दोन रंग लागतात. अमेरिकेत रिचर्ड पेटीची निळी गाडी प्रसिद्ध होती. १९७२ मध्ये एसटीपी कंपनीने पैसे देऊ केले आणि गाडी लाल हवी म्हटले. पेटी निळ्यावर अडून बसला. शेवटी लाल आणि निळा दोन्ही लागले, आणि ती गाडी तिकडच्या शर्यतींची सर्वांत ओळखीची गाडी झाली. वाटाघाटीचे असे फळ फार थोड्यांना मिळते.

इंग्लंडमध्ये मात्र याच युक्तीचा विचका झाला. १९९९ मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या ‘बार’ टीमला एक गाडी लकी स्ट्राइकच्या पांढऱ्या-लाल रंगात आणि दुसरी ५५५ च्या निळ्या-पिवळ्या रंगात हवी होती. एका टीमच्या दोन्ही गाड्या सारख्याच दिसल्या पाहिजेत, असा नियामकांचा आग्रह. मग दोन्ही गाड्या उभ्या चिरून डावीकडे एक ब्रँड, उजवीकडे दुसरा, आणि मधोमध रंगवलेली झिप. जाक व्हिलनव्ह वर्षभर ती झिप घेऊन धावला; पहिल्या अकरा शर्यतींपैकी एकही पूर्ण झाली नाही आणि टीमचा हंगाम शून्य गुणांवर संपला. आठवणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदान आहे : जिंकलेल्या अनेक गाड्या विसरल्या जातात, पण झिप लावलेली कुणी विसरत नाही.

सिगारेटच्या जाहिरातीला बंदी असलेल्या देशांत गाडी नाव बदलत असे, तेही पाठ करावे. मॅक्लारेनवरचे ‘वेस्ट’ जाऊन तिथे ‘मिका’ आणि ‘डेव्हिड’ अशी चालकांची नावे येत. पिवळ्या जॉर्डनवर ‘बेन्सन अँड हेजेस’ चे ‘बझिन हॉर्नेट्स’ होई आणि नाकावर गांधीलमाशी असे. नाव झाकले तरी पाकीट दिसते, हे कायदा करणाऱ्यांना उशिरा कळले.

धडा ५ : टीमचा सातबारा

टीमचे नाव म्हणजे मालक नव्हे. जमिनीसारखाच टीमचाही सातबारा काढावा आणि फेरफार नोंदी खालून वर वाचाव्यात.

पहिला उतारा. मूळ मालक केन टिरेल, धंदा लाकडाचा, पत्ता इंग्लंडमधली वखार. एल्फ तेलाचा निळा रंग, जॅकी स्टुअर्टची १९७१ आणि १९७३ ची जगज्जेतेपदे, १९७६ ची सहाचाकी गाडी. फेरफार : ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, म्हणजे वरच्या धड्यातली झिप. फेरफार : होंडा. फेरफार : २००९ मध्ये रॉस ब्रॉन, खरेदी एक पौंडात, त्याच वर्षी दोन्ही जगज्जेतेपदे. फेरफार : २०१० पासून मर्सिडीज. लुईस हॅमिल्टन ज्या मर्सिडीजवर जगज्जेता झाला तिचा उतारा काढला तर तळाशी लाकडाचा भुसा सापडतो.

दुसरा उतारा. मूळ मालक एडी जॉर्डन, १९९१, सेव्हन-अपची हिरवी गाडी. त्या वर्षी जूनमध्ये बर्त्राँ गाशोने मझ्दातून ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तिचे नारिंगी-हिरवे रंग रेनाउन या जपानी कपडे कंपनीचे. ऑगस्टमध्ये टॅक्सीवाल्याशी झालेल्या भांडणावरून तो लंडनच्या तुरुंगात गेला. जॉर्डनमधल्या त्याच्या जागी स्पा सर्किटवर एक नवखा जर्मन बसला. नाव मायकेल शूमाकर, गाडी क्रमांक ३२. पुढे पिवळी जॉर्डन. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन तिच्यातून उतरला आणि इंडियानापोलिसला, जिथे फक्त सहा गाड्या धावल्या, चौथा आला. फेरफार : मिडलँड, स्पायकर, २००८ ला विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया. २०११ च्या अखेरीस नावापुढे सहारा लागले. त्याच वर्षी आपल्याकडे बुद्ध सर्किटवर शर्यत झाली. तीन वर्षे झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन वेटेल जिंकला. मालक आणि स्पॉन्सर दोघेही नंतर क्रीडापानावरून पहिल्या पानावर गेले. चालू नोंद : ॲस्टन मार्टिन, रंग हिरवा. म्हणजे फिरून हिरवाच.

तिसऱ्या उताऱ्यावर वाद आहे. टोलमनची बेनेटन झाली, कपड्यांच्या दुकानदारांनी शूमाकरला १९९४ आणि १९९५ मध्ये जगज्जेता केले, नंतर ती रेनॉ झाली. २०११ मध्ये या टीमला लोटस कार्सने पैसे दिले आणि ती काळी-सोनेरी झाली. त्याच मैदानात ‘टीम लोटस’ नावाची दुसरी टीम हिरव्या-पिवळ्या रंगात धावत होती. एकीकडे चॅपमनचा हिरवा, दुसरीकडे चॅपमनने विकलेला काळा, आणि प्रकरण लंडनच्या कोर्टात. दोघींनाही नाव वापरायला परवानगी मिळाली. तलाठ्यानेही यापेक्षा वेगळे काही केले नसते.

धडा ६ : हरलेल्यांचा अभ्यास (प्रगत विद्यार्थ्यांसाठी)

विजेते सगळ्यांनाच माहीत असतात. दर्जा ठरतो तो हरलेल्यांवरून.

१९८९ मध्ये मनीट्रॉन या गुंतवणूक कंपनीच्या नावाने धावलेली ऑनिक्स पाहा. स्टेफान योहानसन पोर्तुगालला तिसरा आला. मनीट्रॉनच्या मालकाला पुढे फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. फिकट फिरोजी रंगाची लेटन हाऊस पाहा : जपानमधल्या जमीनजुमल्याच्या तेजीचा पैसा. १९९० मध्ये मेक्सिकोत तिच्या दोन्ही गाड्या शर्यतीसाठी पात्रसुद्धा ठरल्या नाहीत. पुढच्याच शर्यतीत पॉल रिकारला इव्हान कापेल्लीने बराच वेळ आघाडी राखली आणि शेवटी प्रोस्टच्या मागे दुसरा आला. १९९१ मध्ये मालक आकिरा आकागी यांना बँक घोटाळ्याच्या प्रकरणात अटक झाली. १९९२ ची आंद्रेआ मोडा तर बुटांच्या व्यापाऱ्याची. वर्षभरात एकच शर्यत सुरू करता आली, मोनॅकोची. मोन्झाला खेळाची अब्रू घालवल्याबद्दल हाकलून दिले. पार्मालातही २००३ मध्ये मोठ्या आर्थिक घोटाळ्यात कोसळली.

इथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. कंपनी बुडाली, मालक आत गेला, कराराची मुदत संपली. रंग मात्र तुमच्याकडे जसाच्या तसा आहे. दोन हंगामांच्या पैशात त्यांनी एक जन्मठेपेचा नोकर मिळवला, आणि त्याला पगार द्यायला आता कुणी उरलेले नाही.

धडा ७ : समाजात वावरताना

लग्नात, बारशाला किंवा सोसायटीच्या सभेत हा विषय आपणहून काढू नये. कुणी ‘फॉर्म्युला वन’ असे नुसते म्हटले तरी ते आमंत्रण समजावे.

समोरच्याने ‘लाल फेरारी’ म्हटल्यास मान डोलवावी. ‘फेरारी आधी देशासाठी लाल होती, नंतर मार्लबरोसाठीही लाल झाली, मग तो लाल नेमका कुणाचा?’ हा प्रश्न त्याच्या दुसऱ्या चहापर्यंत राखून ठेवावा.

घरच्यांनी ‘हे सगळे कशाला लक्षात ठेवता?’ असे विचारल्यास टाइड पावडरचा पुडा दाखवावा आणि १९८९ ची डेटोना ५०० याच नावाच्या गाडीने, डॅरेल वॉल्ट्रिपने, १७ क्रमांकावर जिंकली, हे सांगावे. याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, पण प्रश्न विचारणे थांबते.

स्वाध्याय

(अ) चूक की बरोबर, ते कारणासह लिहा : १९७० ची ल माँची शर्यत गल्फच्या निळ्या-नारिंगी पोर्शाने जिंकली. (चूक. स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल माँ’ चित्रपटामुळे तसे वाटते. जिंकली ती लाल-पांढरी पोर्शा, क्रमांक २३. गल्फने ल माँ जिंकली ती १९६८ आणि १९६९ मध्ये फोर्डवर, आणि १९७५ मध्ये मिराजवर. पोर्शावर एकदाही नाही. सिनेमाला आजवर कुणी हरवलेले नाही.)

(आ) क्रम लावा : १९८२ ला ल माँमध्ये रॉथमन्सच्या तीन पोर्शा, क्रमांक १, २ आणि ३. (पहिली आली १, दुसरी २, तिसरी ३. हा प्रश्न दयेपोटी ठेवला आहे.)

(इ) एका शब्दात उत्तर द्या : मार्टिनी म्हणजे कुठली गाडी? (एका शब्दात उत्तर देणाऱ्यास शून्य गुण. पोर्शा, ब्रॅबम, लोटस, लान्सिया आणि २०१४ ते २०१८ विल्यम्स. लान्सियाच्या डेल्टाने १९८७ ते १९९२ सलग सहा वेळा रॅलीचे उत्पादक जगज्जेतेपद मिळवले, हे लिहिल्यास एक गुण जादा.)

(ई) थोडक्यात उत्तर लिहा : जी सिगारेट तुम्ही कधी ओढली नाही, जे दूध कधी प्यायले नाही आणि जी कंपनी आता अस्तित्वातच नाही, तिची जाहिरात तुम्ही इतकी वर्षे फुकट का करत आहात? (गुण ५)

टीप : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना येत असेल त्यांनी हा अभ्यासक्रम सोडावा. शुल्क परत मिळणार नाही.